चीड आणि कैल

कोकणात समुद्रकाठी सुरूची झाडे असतात. त्यांची पाने दुरून सुयांसारखी दिसतात. पण खरी सुईसारखी पाने पाहायची तर हिमालयात जावे लागते. तिथे पाइन जातीची झाडे आहेत. त्यांतल्या दोन झाडांची माहिती आज आपण घेऊ. एक चीड, दुसरे कैल. चीड म्हणजे राग नव्हे बरं का! ते झाडाचे नाव आहे.

ही झाडे ओळखायची कशी? पाने मोजायची. चिडाच्या एका झुबक्यात तीन पाने असतात, कैलाच्या झुबक्यात पाच. कैलाची पाने निळसर असतात आणि खाली लोंबतात.

दोघांची जागा निराळी. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट उंच आहे. चीड साधारण १,५०० ते ६,५०० फुटांपर्यंत वाढतो. त्याला भरपूर ऊन लागते. कोरड्या, खडकाळ उतारावरही तो तग धरतो. कैल मात्र ६,००० फुटांच्या वरचा, म्हणजे कळसूबाईहूनही उंचावरचा. त्याला गारवा हवा, ओल हवी.

दोन्ही झाडे उपयोगी आहेत. चिडाच्या खोडाला खाच पाडली की चीक गळतो. त्याला तिकडे लिसा म्हणतात. त्यापासून राळ आणि टर्पेंटाइन तेल करतात. रंग पातळ करायला हे तेल वापरता येते. कैलाचे लाकूड दारे-खिडक्यांना चांगले.

मग सगळीकडे चीडच लावावा का? थांबा. उन्हाळ्यात चिडाची वाळकी पाने गळतात. जमिनीवर त्यांचा जाड थर साचतो. त्याला पिरूल म्हणतात. एक ठिणगी पडली की डोंगर पेटतो. मोठा चीड जाड सालीमुळे वाचतो, पण लहान रोपे आणि गवत जळून जाते. मग गुरांनी खायचे काय? सन २०१६ मध्ये उत्तराखंडातील जंगले अशी पेटली, की हेलिकॉप्टरमधून पाणी टाकावे लागले.

म्हणून तिथल्या बायका म्हणतात, गावाजवळ बांज लावा. बांजाचा पाला गुरे खातात. खालच्या कोरड्या उतारावर चीड, उंच थंड जागी कैल आणि गावालगत बांज, अशी वाटणी बरी. चीड असेल तिथे पिरूल वेळच्या वेळी गोळा करावा.

आपल्याकडे ही झाडे लावायची नाहीत. पण कोणतेही रोप आणण्याआधी आपण दोन गोष्टी विचारू. ही जमीन त्याला मानवेल का? आणि त्याचा पाला पडेल, त्याचे पुढे काय होईल?

प्रश्न
१. चीड आणि कैल पानांवरून कसे ओळखाल?
२. पिरूल साचला तर काय धोका असतो?
३. तुमच्या गावात कोणत्या झाडाचा पाला गुरे खातात?