रोप आणि सांबर

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी-दाजीपूरच्या रानालगत लावलेली रोपे पावसाळ्यात तगतात. थंडीत गवत वाळू लागले की भेकर, सांबर कोवळ्या शेंड्यांकडे वळतात. सांबराचा नर शिंगे घासून साल सोलतो. ती खोडाभोवती पूर्ण निघाली, तर रोप वाळतेच. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना बांधावरील काट्यांचे कुंपण खोडापासून हातभर दूर, पुरुषभर उंच घालावयास शिकवितो. ठेंगणे कुंपण म्हणजे निव्वळ मनाचे समाधान! फास मात्र कदापि नाही. सम्राट अशोकाने सातव्या स्तंभलेखात रस्त्यांच्या कडेला वड लावल्याचे नोंदविले. पहिल्या शिलालेखात राजपाकगृहासाठी मारले जाणारे दोन मोर व एक हरिणही पुढे मारले जाणार नाहीत, असे घोषित केले. इतिहासाच्या तासाला आम्ही हे दोन्ही लेख एकत्र वाचतो, मग काट्या आणावयास निघतो.