'सर्वसाधारण' हवामान : शंका कोठे घ्यावी?

पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत आहे असे सांगितले की शेतकरी मेळाव्यात एक प्रश्न हमखास येतो. एकाच शिवारात माळावरचे व ओढ्याकाठचे तापमान सारखे नसते. मग साऱ्या पृथ्वीचे एकच तापमान मोजले कोणी? प्रश्न रास्त आहे.

१९६१ ते १९९० या काळासाठी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १४ अंश सेल्सिअस धरतात, पण त्यात अर्ध्या अंशाची चूक संभवते. म्हणून प्रत्येक केंद्रावर त्याच केंद्राच्या जुन्या सरासरीपेक्षा किती फरक पडला ते पाहतात व या फरकांची सरासरी काढतात. वजनकाटा अर्धा किलो जास्त दाखवीत असला, तरी कालवड महिन्यात किती भरली हे त्यावर बरोबर कळते. तसेच हे आहे.

मधेच काटा बदलला तर? वेधशाळा हलविली, भोवती सिमेंटची घरे झाली, की नोंदी बदलतात. त्या शेजारच्या केंद्रांशी ताडून दुरुस्त करतात. दुरुस्ती म्हटले की संशय आलाच! अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर यांनाही तो होता. त्यांच्या गटाने बर्कले येथे सर्व नोंदी नव्याने तपासल्या, शहरांपासून दूरची केंद्रे वेगळी काढून पाहिली. तापमानवाढ खरी असल्याचे त्यांनी २०११ साली जाहीर केले. जागतिक हवामान संघटनेनुसार २०२४ हे वर्ष १८५०-१९०० च्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी उष्ण होते.

शेतकरी बंधूंनी शंका घ्यावी ती 'सर्वसाधारण' या शब्दाची. तापमानासाठी ३० वर्षांची सरासरी धरण्याचा प्रघात आहे आणि हा काळही पुढे सरकत असतो. देशाच्या नैर्ऋत्य मोसमी पावसाची सरासरी १९६१-२०१० च्या नोंदींवरून ८८ सें.मी. होती, १९७१-२०२० च्या नोंदींवरून ती ८७ सें.मी. झाली. शिवाय जिल्ह्याचा पाऊस १९ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त असला तरी तो 'सर्वसाधारण' च गणतात. सरासरी ६०० मि.मी. असलेल्या जिल्ह्यात ४९० मि.मी. पडला, तरी कागदावर सारे ठीक! त्यात ऑगस्टमध्ये सोयाबीन शेंगा भरत असताना तीन आठवडे खंड पडला होता, हे त्या आकड्यात कोठेच दिसत नाही.

तारखांचेही तेच. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २०२० मध्ये २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर केली गेली. मध्य भारतातही या तारखा पुढे गेल्या. तेव्हा जुन्या अंदाजावर विसंबून सोयाबीनच्या सुड्या उघड्यावर ठेवू नयेत. ताडपत्री काढणीआधीच आणून ठेवावी.

गावात पर्जन्यमापक असल्यास रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घ्यावी. २.५ मि.मी. किंवा अधिक पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस धरावा. वहीत एकूण बेरजेशेजारी खंडाचे दिवसही लिहावेत. दहा वर्षांपैकी चार वर्षी ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांहून मोठा खंड आढळला, तर लवकर तयार होणारा वाण निवडावा किंवा एका संरक्षित पाण्याची सोय पेरणीपूर्वीच करावी.