ऊस संशोधनाचे धोरण : प्रश्न कोणी विचारायचा?



गटात फिरताना एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, नवीन बेणं कवा मिळायचं?" बेणे हे शेवटचे टोक आहे. त्याआधी कोणीतरी अडचण मांडावी लागते आणि कोणीतरी पैसा द्यावा लागतो. कोणत्या अडचणीवर पैसा व वेळ घालायचा, हे सरकार ठरविते. त्यालाच संशोधनाचे धोरण म्हणतात.

आपल्या नीरा खोऱ्याचेच पहा. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, तशा जमिनी खारावू लागल्या. १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. कालवा भागातील जमिनी आणि ऊस हाच त्याच्या अभ्यासाचा विषय. १९५८ साली केंद्राने विज्ञान धोरणाचा ठराव केला. २००९ साली माळेगाव खुर्दला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. दुष्काळ, खारपड, उष्णता हे तिचे विषय. म्हणजे दिल्लीच्या धोरणात बारामती-इंदापूरचे दुखणे बसले.

पैसा फक्त सरकारचा नाही. १९७५ साली स्थापन झालेली मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट कारखान्यांच्या टनामागील वर्गणीवर उभी आहे. म्हणजे त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे.

एका संकरापासून वाण शेतात यायला दहा-बारा वर्षे सहज जातात. म्हणून आजचा प्रश्न आजच सांगायला हवा. पाडेगावच्या फुले २६५ ची शिफारस २००७ साली झाली. चोपण जमिनीतही तो तग धरतो, म्हणून शेतकऱ्याला आवडला. पण उताऱ्याच्या शंकेने काही कारखाने नोंद घ्यायला कुरकुरले. शेतकऱ्याला टन हवे, कारखान्याला उतारा हवा. दोघांचे गाऱ्हाणे संशोधकाच्या कानी एकदम गेले, तरच वाणाची निवड दोघांच्या उपयोगाची होते.

आमचाही यात दोष आहे. आम्ही लागणीच्या नोंदी घेतो, पण खोडवा का बसला, कोणत्या गटात कोणता रोग दिसला, हे कागदावर क्वचितच येते. जे कागदावर नाही, ते धोरणात कुठून येणार?

तेव्हा एवढे करा. माती-पाणी तपासून घ्या. वाण, लागणीची तारीख, खोडव्याचे टन वहीत लिहा. आणि आपली अडचण गट ऑफिसात लेखी द्या. ती पाडेगाव व मांजरीला पोचविणे आमचे काम.

आपला,
ऊस विकास अधिकारी