याजक का थांबला नाही?

आजचं वाचन: लूक १०:२५–३७

चांगल्या शोमरोनीचा दाखला वाचताना याजक आणि लेवी यांच्यावर आपण लगेच शिक्का मारतो: दगडी काळजाचे, ढोंगी. पण वचन नीट वाचा. ते दोघं बाजूने निघून गेले, एवढंच प्रभु येशू सांगतो. का गेले, ते सांगत नाही. ते कारण आपण आपल्या मनाने भरतो.

१९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या सेमिनरीतल्या सुमारे ४० विद्यार्थ्यांना एकेक करून दुसऱ्या इमारतीत छोटं भाषण द्यायला पाठवलं. काहींचा विषय तर हाच दाखला होता! वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसलेला. ज्यांच्याकडे पुरेसा वेळ होता, त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले. ‘उशीर झालाय’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. भाषणाच्या विषयाने ठळक फरक पडला नाही. न थांबलेल्यांपैकी काही जण पोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते. म्हणजे काळीज दगडाचं नव्हतं.

आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की आधी लॉग बघतात, लोड किती होता ते बघतात. माणसाच्या बाबतीत मात्र आपण लॉग न उघडताच निकाल देतो. बहिणीने फोन उचलला नाही, म्हणजे ती बदलली. आपण उचलला नाही, तर मीटिंग होती.

मग याजक निर्दोष का? नाही. रस्त्यावरच्या माणसाचं रक्त कोणाच्याही कारणाने थांबत नाही. शोमरोनीसुद्धा प्रवासातच होता. त्यालाही कुठेतरी पोचायचं होतं. तेल, द्राक्षारस आणि दोन दीनार त्याने नंतर दिले; आधी वेळ दिला. दुसऱ्या दिवसापर्यंत तो त्या जखमी माणसाजवळ राहिला.

म्हणून आज दोन गोष्टी करून बघू या. कोणाचं वागणं खटकलं, तर निकालाआधी विचारू या, ‘काय झालं होतं?’ आणि स्वतःच्या दिवसात थोडी जागा मोकळी ठेवू या. इतक्या घाईत निघायचं नाही की वाटेतला माणूस दिसणारच नाही.

प्रार्थना: प्रभू, दुसऱ्याला समजून घ्यायला मला धीर दे आणि थांबायला वेळ काढायला शिकव. आमेन.