आधी खड्डा, मग घर

घर बांधू का, हे विचारायला तू फोन केलास आणि बराच वेळ नोकरीबद्दलच बोललास. म्हणून मीही आधी नोकरीचं बोलतो, पाया-जोत्याचं मग.

उद्या साहेबाने बोलावून तुला मनासारखं काम दिलं, रात्रीचे फोन बंद केले, तरी गावी, बिडकीनला घर बांधायचं तुझ्या डोक्यात राहील का? याचं उत्तर मला नको, सूनबाईला दे. ‘राहील’ म्हणालास तर मी काठी टेकत साइटवर येईन आणि प्रत्येक कोपऱ्याला स्वतः ओळंबा लावीन. उत्तर द्यायला अडखळलास तर तूर्त विटांचा भाव काढू नको.

गवंडीकामात माझी हयात गेली. घर बांधून घेणाऱ्यांत नोकरीला विटलेले पुष्कळ पाहिले. मास्तर होते, बँकेतले होते, वाळूजच्या कारखान्यांतले सुपरवायझर होते. असा माणूस पहिले दोन महिने साइटवर फार खुशीत असतो, कारण सकाळी नव्हती ती भिंत त्याला संध्याकाळी दिसते. तुझं अर्ध्या वर्षाचं काम वरच्यांनी एका बैठकीत रद्द केलं म्हणालास. त्यानंतर विटेचा थर चढताना पाहून माणसाच्या जिवाला जे बरं वाटतं ते खरं असतं, मी त्याला हलकं लेखणार नाही. पण स्लॅब टाकून, गिलावा करून गवंडी आपल्या गावाला जातो. घरात तू राहतोस आणि बँकेचा हप्ता राहतो.

तो हप्ता मांडून बघ. २० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत धरली तर महिन्याला १८ हजारांच्या आसपास जातात, आणि फिटेपर्यंत बँकेला सुमारे ४३ लाख दिलेले असतात. बँक हे कर्ज तुझ्या पगाराच्या कागदावर देते. म्हणजे ज्या नोकरीतून सुटायचं म्हणतोस, तिलाच स्वतःला वीस वर्षं बांधून घ्यायचं. म्हणून आजच्या पगारावर हिशोब करू नको. पुण्याची नोकरी सोडून जे काम तू आनंदाने करशील, मग ते शेंद्र्याच्या कारखान्यात असो, शहरात असो की इथे पोरांना शिकवणं असो, त्याचे पैसे काय मिळतील ते नीट चौकशी करून काढ. त्याच्या चौथ्या हिश्श्यात हप्ता बसेल एवढंच कर्ज. त्यात दोनच खोल्या होत असतील तर दोनच बांध.

‘आधी कर्ज मंजूर करून घे, मग राजीनामा दे’ असंही तुला कोणी शिकवेल. ते ऐकू नको. पहिले काही हप्ते साठवणीतून जातात, पुढच्यांना आईच्या पाटल्या निघतात. मी हे दुसऱ्यांच्या घरी पाहिलंय, माझ्या बहिणीच्या, आक्काच्या घरी मला बघायचं नाही.

आता बिडकीनची घाई. तुला गावातून जो तो सांगत असेल की आत्ता बांधलं नाही तर कधीच जमणार नाही, ऑरिक औद्योगिक शहर आलं, टोयोटाचा कारखाना येणार, भाडेकरू रांगेने उभे राहतील. टोयोटाचा करार झाला हे खरं, २०२४ च्या जुलैत झाला. बिडकीनचं औद्योगिक क्षेत्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पंतप्रधानांनी राष्ट्राला अर्पण केलं, हेही खरं. पण त्या जवळजवळ आठ हजार एकरांच्या भूसंपादनाच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा तू नुकता नोकरीला लागला होतास, हे आठव. करार, रस्ते, पाण्याच्या लाइनी, शेड, यंत्रं, आणि त्यानंतर कामगार खोली शोधायला येतो. भाड्याच्या आशेवर वरचा मजला बांधायचा असेल तर ते भाडं हप्त्यात धरू नको. आलं तर मुदतीआधी कर्ज फेडायला वापर.

त्या भूसंपादनात एकरी २३ लाखांचा मोबदला आला तेव्हा आपल्या भागात काय काय झालं ते मी जवळून पाहिलं. काहींनी आधी दुसरीकडे शेत घेतलं आणि उरलेल्यात घर बांधलं, ते आज निवांत आहेत. काहींनी आधी बंगला बांधला. जिना ऐटीत, खांबांना नक्षी, आणि पोराच्या धंद्याला भांडवल नाही. शेती गेल्यावर रोज सकाळी जायचं कुठे, हा त्या माणसांपुढचा प्रश्न होता. बंगल्याने तो सुटला नाही. तुझाही प्रश्न त्याच जातीचा आहे म्हणून हे सांगतोय. तुझी जागा गावठाणातली, तुझ्या वडिलांची, दाजींची, ती कुठे पळत नाही. विकत घ्यायची असती तर भाव वाढायची भीती समजली असती.

जागा दाजींची म्हटलं, पण कागदावर कोणाची ते आधी बघ. ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढ, वारसांची नोंद झाली का ते तपास. पैठण रस्त्याच्या बाजूची हद्द मोजून घे, रुंदीकरणाच्या रेषेत पायरी यायला नको. बांधकामाची परवानगी आता कोणाकडून घ्यायची तेही लेखी विचार, आपल्या आजूबाजूच्या गटांना वेगवेगळे नियम लागू आहेत. आणि सगळ्यांत आधी तुझ्या ताईला फोन कर. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ती हक्कसोड करून देईल असं धरून नकाशा काढणं हा तिचा अपमान आहे. तिला तिचा वाटा हवा असेल तर तो द्यायचा, आणि तिने आपणहून सोडला तरी माहेरपणाची एक खोली नकाशात तिच्या नावाची पाहिजे.

आता माझ्या धंद्यातलं. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. त्या मातीवर उभी केलेली भिंत दरवर्षी वरखाली होते आणि चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. कितीही वेळा लांबी भरून रंग दिला तरी ती परत निघणार. म्हणून इंजिनीअरला पैसे देण्याआधी जागेत एक खड्डा घे, मुरूम लागेपर्यंत. आपल्याच आळीत एका घराला चार फुटांवर मुरूम लागतो आणि शेजारच्याला नऊ फूट जावं लागतं, तेव्हा शेजाऱ्याचं ऐकून अंदाज बांधू नको. खोली कळली की पायाचा खर्च कळतो, आणि पायाचा खर्च कळेपर्यंत बाकीचं एस्टिमेट नुसतं कागदावरचं. फुटिंग पक्क्या मुरमावर बसलं पाहिजे, कॉलम खाली प्लिंथ बीमने बांधलेले पाहिजेत. जोत्यात भराव मुरमाचाच, वितीएवढ्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून. ठेकेदार खणलेली काळी मातीच परत आत लोटतो आणि वर फरशी बसवतो. त्या दिवशी तू किंवा मी हजर असलंच पाहिजे. आणि घराभोवती तीन-चार फुटांचा पट्टा बाहेर उताराचा करून घे, म्हणजे पागोळीचं पाणी जोत्यात मुरत नाही.

काम दिवाळीनंतर काढ. साध्या सिमेंटच्या स्लॅबला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटच्या स्लॅबला १० दिवस पाणी पाहिजे असं मानकात आहे, मी १४ दिवस आळी करून पाणी उभं ठेवतो. जायकवाडी धरण फार लांब नसूनही मे महिन्यात आपल्याकडे टँकरची वाट बघावी लागते, त्या पाण्यावर स्लॅब पिकत नाही. छपराचं पाणी धरायची सोय नकाशातच कर. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-उडती वजा जाता ४० हजार लिटरांच्या वर हाती लागतं. पुढे मजला चढवायचा असेल तर वर सोडलेल्या सळया उघड्या ठेवू नको, हलक्या काँक्रीटने झाकून टाक. गंजलेल्या सळईला जोड देऊन वर घर नेण्यात धोका आहे.

एस्टिमेटमध्ये शौचालयाची टाकी, बोअर, कंपाउंड, विजेचं मीटर कधी नसतं. ते वेगळं मांड.

आणि दाजींचं जुनं माळवदाचं घर नवं घर राहतं होईपर्यंत पाडायचं नाही. त्या मातीच्या भिंतींत दुपारी जो गारवा असतो तो तुझ्या नव्या घराला पंखा लावूनही येणार नाही. पश्चिमेकडे खिडकी न काढण्याचं शहाणपणही तिथूनच घे.

मला वाटतं तू राजीनामाही देऊ नको आणि कर्जाचा अर्जही करू नको. महिन्याची रजा काढ, बिनपगारी मिळाली तरी चालेल, आणि दिवाळीत नको, मे महिन्यात ये. दिवाळीत कोणालाही गाव आवडतं. मेमध्ये वीज जाते, पाण्याला रांग लागते, आणि पावसाआधी माळवदाचं काम असतं. वरचं गवत उपटायचं, पन्हाळी मोकळ्या करायच्या, पांढरी माती टाकून चोपायची. ते मजूर न लावता तू स्वतः कर, मी खाली उभा राहून सांगतो. हातांनी काम करायची तहान आहे की साहेबाचा राग आहे, ते तुझं तुला त्या कामात कळेल. सूनबाई आणि पोरं पूर्ण महिना इथे राहिली पाहिजेत, नाहीतर चाचणी अर्धीच होते. पोरांची शाळा, तिची नोकरी, तिला इथे राहायचंय का, हे तिच्या तोंडून ऐक. आईच्या आजारपणासाठी यायचं म्हणत असशील तर घराची गरजच नाही, माळवदाच्या एका खोलीला फरशी आणि लागून शौचालय केलं की आक्काची सोय होते, तेवढं तर यंदाच करून टाकू.

रजा मंजूर झाली की कळव. खड्डा घ्यायला माणूस मी सांगून ठेवतो. काळी माती पूर्ण वाळलेली असतानाच तो घ्यायचा, म्हणजे भेगा किती खोल जातात तेही मोजून घेता येईल. येताना मोजपट्टी आण, आणि नमुना आठचा उतारा ग्रामपंचायतीतून काढून ठेवायला आक्काला आजच सांग.