जावई शनिवारी भिंत का रंगवतो?

प्रश्न : यंदाचा उन्हाळा आम्ही दोघांनी लेकीकडे न्यू जर्सीत काढला. जावई कॉम्प्युटरवाला. पुण्यात होता तेव्हा त्याने साधा बल्बसुद्धा कधी बदलला नव्हता. तिथे मात्र शुक्रवारी रात्रीच उद्याच्या कामाची यादी तयार. कधी तळघराच्या भिंतीला रंग, कधी मागच्या लाकडी ओट्याची डागडुजी. पाच वर्षांचा नातूही रोलर घेऊन मध्ये मध्ये. आजूबाजूच्या घरांतही तेच चाललेलं. आमच्याकडे नळाचं वायसर बदलायचं तरी प्लंबरची वाट बघत बसतो. आपण आळशी आहोत का? की आपल्याला घराची हौसच नाही?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हौस नाही असं कसं म्हणता? गणपतीच्या आदल्या रात्री कुठल्याही मराठी घरात डोकावून बघा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर स्वभावात शोधलंत तर हाती काही लागणार नाही. बरंचसं उत्तर भिंतीत आहे.

तुमच्या लेकीचं घर बहुधा लाकडी सांगाड्याचं असणार. अमेरिकेतली बहुतेक स्वतंत्र घरं तशीच असतात. साधारण दर 16 इंचांवर एक उभी लाकडी पट्टी आणि तिच्यावर आतून ठोकलेले अर्धा इंच जाडीचे जिप्समचे तक्ते. मधल्या पोकळीतून वायरी आणि पाइप जातात. ही भिंत धारदार पात्याने कापता येते. भोक पडलं तर वर जाळीची पट्टी चिकटवायची, लांबी भरायची, वाळली की पॉलिश पेपर मारायचा आणि रंग द्यायचा. शनिवारी सकाळी काढलेलं काम रविवारी रात्रीपर्यंत आवरतं, आणि चुकलं तर पुढच्या शनिवारी पुन्हा करता येतं. नवशिक्या माणसाला अशी भिंत फार सांभाळून घेते.

आता तुमच्या सांगलीच्या फ्लॅटची भिंत बघा. वीट, त्यावर सिमेंटचा गिलावा, आणि कोपऱ्यात काँक्रीटचा कॉलम. आजोबांचा एक फोटो लावायचा तरी ठोके मारणारं ड्रिल मशीन हवं, काँक्रीटचं बिट हवं, भोकात बसवायला प्लास्टिकची गिट्टी हवी. कॉलमवर भोक घ्यायला गेलात तर बिट तापतं, भिंत जागची हलत नाही. पंख्याचं बटण हातभर सरकवायचं झालं तर आधी भिंतीत झिरी मारायची, पाइप टाकायचा, झिरी बुजवायची, तिच्यावर पाणी मारत राहायचं, मग लांबी, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. म्हणजे इलेक्ट्रिशियन, गवंडी आणि पेंटर अशी तीन माणसं, आणि तिघांच्या तीन तारखा. घरभर धूळ होते ती वेगळी. असलं काम शनिवारी सकाळी चहा पिता पिता सुरू करण्याचं धाडस कोण करणार? शिवाय पाऊस सुरू झाला की बाहेरचा रंग बंद, ओल धरलेल्या भिंतीवर आतलाही रंग टिकत नाही. अपार्टमेंटची बाहेरची बाजू सगळ्यांच्या मालकीची, तिला आपण एकट्याने हात लावायचा नाही. आणि दुपारी ड्रिलचा आवाज केलात तर खालचे काका वर येतातच.

दुसरी गोष्ट मजुरीची. अमेरिकेत कारागिराचा तास महाग असतो. प्लंबर नुसता दारात आला तरी त्याचे पैसे द्यावे लागतात, कामाचे वेगळे. तेव्हा जावयाच्या शनिवारामागे हौस किती आणि हिशेब किती, हे त्याला एकदा हळूच विचारा. आपल्याकडे हिशेब उलटा पडतो. ड्रिल मशीन विकत घेण्यापेक्षा माणूस बोलावणं स्वस्त, कारण त्या माणसाच्या दिवसाला आपण फार थोडी किंमत देतो. सकाळी मजूर नाक्यावर कामाची वाट बघत उभी असलेली गर्दी आठवा म्हणजे पुरे.

या हिशेबाखाली आणखी एक जुनी गोष्ट आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. लाकडाचं काम सुताराचं, लोखंडाचं लोहाराचं, मडकं कुंभाराचं, आणि सुगीला त्यांना धान्याच्या रूपात बलुतं. ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्यामुळे रंधा, पटाशी, वाकस ही हत्यारं एका जातीच्या घरात राहिली आणि बाकीच्यांच्या घरात आलीच नाहीत. कितीतरी मध्यमवर्गीय घरांत आजही हातोडी नसते. खिळा ठोकायचा तर खलबत्त्यातला बत्ता उचलतात. हाताने करायचं काम खालचं असं मानून तेही आपण हत्यारांबरोबरच दुसऱ्याकडे सोपवलं होतं. तुमच्या जावयाने तळघरात ब्रश हातात घेतला तेव्हा त्याला बघणारं गावातलं कोणी नव्हतं, हाही त्यातला एक भाग असावा असं मला वाटतं.

तिसरा मुद्दा सुट्टीचा. हेन्री फोर्डने आपल्या कारखान्यांतल्या कामगारांना शनिवार आणि रविवार असे दोन दिवस मोकळे दिले ते 1926 मध्ये. आठवड्याला चाळीस तासांचा नियम अमेरिकेत 1940 पासून लागू झाला. मग दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी आले, आणि 1947 पासून न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेविटटाउन नावाची वसाहत उभी राहू लागली. हजारो घरं, एकाच साच्याची. त्या पहिल्या घरांचा माळा मुद्दाम अर्धवट सोडलेला असे; घेणाऱ्याने सवडीने, स्वतःच्या हाताने खोल्या पाडून घ्याव्यात म्हणून. नवीन संसार, लहान मुलं, खिशात मोजके पैसे, दोन दिवस सुट्टी आणि डोक्यावर अपुरा माळा. यातून शनिवारची सवय लागली नसती तरच नवल. 1954 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने स्वतःच घरकाम करण्याच्या या नादावर मुखपृष्ठकथा केली, तोवर तो चांगला धंदा झाला होता. पुढे 1979 मध्ये अटलांटात ‘होम डेपो’ची पहिली दुकानं उघडली. तुम्ही नक्कीच तुमच्या जावयाबरोबर अशा एखाद्या दुकानात गेला असाल; तिथे फळी हव्या त्या मापात कापून मिळते.

आपला रविवार मात्र मागून, झगडून मिळवलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना आठवड्यातून एक दिवस विश्रांती, दुपारी अर्धा तास सुट्टी, पगार वेळेवर, अशा त्यांच्या मागण्या होत्या. 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. रविवार खंडोबाचा वार, हेही कारण त्यांनी पुढे केलं होतं असं सांगतात. पण तो एकच दिवस होता. 1948 च्या कारखाना कायद्यातही आठवड्याला 48 तास काम आणि एक सुट्टी हाच हिशेब होता. महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला तो 29 फेब्रुवारी 2020 पासून. खासगी दुकानं, वर्कशॉप, छोटे कारखाने अजून सहा दिवसांवरच चालतात. सहा दिवस राबलेल्या माणसाच्या सातव्या दिवसात डोक्याला तेल लावून अंघोळ, मटण किंवा मासळी, दुपारची झोप, कोणाच्या तरी बारशाचं आमंत्रण, आणि संध्याकाळी आठवड्याची भाजी. त्यात माळा कुठे बसवणार?

मात्र एवढ्यावर थांबलो तर आपल्या घरांवर अन्याय होईल. घरच्यांनी मिळून करायची मोठी कामं आपल्याकडे होती, अजूनही आहेत. फक्त ती शनिवार-रविवारला बांधलेली नव्हती, ऊन आणि सण बघून निघायची. तुमच्या लहानपणी दिवाळीआधी घराला चुना काढला असेल. कळीचा चुना पिंपात भिजत घातला की तो रटरटायला लागायचा, आणि मुलांना लांब उभं करायचे. दुसऱ्या दिवशी त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. मग वडील स्टुलावर, आई खालून बादली देणार, आणि पोरांच्या वाट्याला भिंतीचा कमरेखालचा भाग. रोलर घेऊन मध्ये मध्ये करणारा तुमचा नातू काही नवीन करत नाहीये.

एप्रिल-मेमध्ये वाळवणं. कुरडईचे गहू दोन-तीन दिवस भिजायचे, पाणी रोज बदलायचं, मग वाटून, गाळून सत्त्व खाली बसू द्यायचं आणि पहाटे उठून त्याचा चीक शिजवायचा. शिजताना हात थांबला की गुठळ्या होतात, म्हणून घाटा मारायला घरातला दणकट माणूस लागायचा. पुरुषाला स्वयंपाकघरात बोलावलं जाण्याचे जे थोडे प्रसंग होते त्यातला हा एक. गच्चीवर धोतर किंवा जुनी साडी पसरून सोऱ्याने कुरडया घालायच्या. कावळे हाकलायला काठी घेऊन बसलेली मुलं अर्ध्या कच्च्या कुरडया स्वतःच संपवायची. पापडाच्या दिवशी शेजारणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या आणि मुलं तेलात बुडवलेल्या लाट्यांवर डोळा ठेवून असायची. हे सगळं करताना आपण एकमेकांसाठी वेळ काढतो आहोत असं कोणाच्या मनातही यायचं नाही.

दिवाळीचा किल्ला तर थेट बांधकामच. दगड-विटा रचायच्या, वर गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, बुरूज, तटबंदी, पायऱ्या. अळीव पेरले की दोन-चार दिवसांत हिरवळ उगवते. वर सिंहासनावर महाराज, खाली कुंभाराकडून आणलेले मावळे, आणि कोणाच्या तरी हट्टापायी शेजारी एक प्लास्टिकची मोटारही. गणपतीच्या मखराचंही तसंच. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि अनेक घरांत पुठ्ठा, कापड, बांबू, कागद यांच्याकडे लोक परत वळले. माझ्या मते मखरं त्यामुळे सुधारली.

मग ही कामं आपण हौसेच्या हिशेबात का धरत नाही? कारण त्यातली बरीचशी बायकांनी केली. पुरुषाने सुट्टीत फळी ठोकली तर तिचा फोटो निघतो. बाईने वर्षभराचं तिखट, पापड, गोधड्या केल्या तर ते घरकाम. सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत देशातल्या घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जातो असं दिसलं, पुरुषांचा 97 मिनिटं. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारात जेमतेम एक. म्हणून सुट्टीच्या दिवशी घरच्यांनी मिळून काही करायचं ठरवताना त्या दिवशी स्वयंपाक कोण करणार हे आधी ठरवावं. नाहीतर किल्ला बांधणाऱ्या मंडळींना तीनदा चहा आणि एकदा भजी पुरवण्यातच एका माणसाचा रविवार जातो.

तिकडच्या शनिवारातली थोडी हवाही काढतो. बागेतलं गवत कापणं हे तिथे फार घरांत हौसेचं काम नसतं. कित्येक गावांत गवत ठरावीक उंचीच्या वर गेलं की नगरपालिकेची नोटीस येते, पुढे दंडही होतो. जावयाच्या यादीत गवताचं काम सर्वांत वर असेल तर त्याचं कारण हे.

राहता राहिलं तुमचं वायसर. त्यासाठी खरंच कोणाची वाट बघू नका. फिरवून फिरवून बंद होणारा जुन्या पद्धतीचा पितळी नळ असेल तर बाहेरचा कॉक बंद करा, नळ उघडून साठलेलं पाणी जाऊ द्या, पान्याने वरचं डोकं सोडवा. आत दट्ट्याच्या टोकाला रबरी वायसर असतं. ते खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जा आणि तसंच दुसरं मागा; नुसतं अर्ध्या इंचाचं द्या म्हणालात तर हमखास दुसरी फेरी होते. बसवताना डोकं आधी हाताने फिरवा, शेवटची आवळणी तेवढी पान्याने, जोर न लावता. नळ अर्ध्या फेऱ्यात उघड-बंद होणारा नवा असेल तर त्यात वायसर नसतं. त्याचं आतलं स्पिंडल अख्खं बदलतात. त्यासाठी नळाची कंपनी सांगावी लागते, म्हणून सुटलेला तुकडा दुकानात न्याच. नातू आला असेल तर कॉक बंद करण्याचं आणि नळातून पाणी खरंच येत नाही ना हे बघण्याचं काम त्याला द्या.

ड्रिलच्या बाबतीत मात्र माझा उत्साह आवरता घेतो. बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच्या आडव्या रेषेत भोक घेऊ नका. वायरीचे पाइप बहुधा तिथूनच गेलेले असतात. बाथरूमच्या पाठच्या भिंतीत पाण्याचे पाइप असतात, ते नेमके कुठून गेलेत हे माहीत असल्याशिवाय तिला हात लावू नका. घर बांधताना भिंतीतल्या पाइपांचे फोटो कोणी काढून ठेवले असतील तर ते शोधा. नसतील, तर त्या भिंतीवर फोटो लावायचा हट्ट सोडून चिकटवायचा हुक आणा.