दिवा आपला, वाट दोघांची

माझा एक जुना विद्यार्थी ट्रक चालवतो. जुन्नर भागातला कांदा भरायचा आणि रात्रीतून पुण्याच्या मार्केट यार्डात पोचवायचा, हे त्याचे काम. नारायणगाव, मंचर, खेड, चाकण हा त्याचा रोजचा रस्ता.

एके दिवशी सकाळी तो माझ्या घरी आला. चहा पुढे ठेवला, तरी तो कपाला हात लावीना.

"गुरुजी, माझ्या हातून पाप झालं," तो म्हणाला.

हकीकत अशी होती. त्याच्या ट्रकचे दिवे मंद झाले होते. हमरस्त्यावरच्या एका दुकानात त्याने नवे बल्ब घेतले. दुकानदार म्हणाला, "रात्रीचा दिवस होईल!" आणि झालेही तसेच. पांढराशुभ्र उजेड दूरवर पडू लागला. गडी खूश झाला.

चार दिवसांनी तो गावी गेला. आळीतला दूधवाला पाय बांधून खाटेवर पडलेला. तो सांगू लागला, "परवा रात्री सायकलवरून येत होतो. समोरून एक ट्रक आला. दिवे कसले, वीजच! डोळ्यांपुढं अंधारी आली. रस्त्याची कड दिसेना. सायकल, किटल्या आणि मी, सगळे चारीत! ट्रकवाल्याला पत्ताही नाही."

ती रात्र, ती वेळ, ते वळण. माझ्या विद्यार्थ्याने मनाशी हिशेब केला. तो ट्रक त्याचाच होता.

"गुरुजी, मी डिपर दिला होता हो! तरी असं कसं झालं?"

मंडळी, हा प्रश्न मोलाचा आहे. तो नीट समजून घेऊ.

उजेड कुठे पडतो?

ट्रकच्या दिव्यात तीन भाग असतात. बल्ब, त्यामागचा चकचकीत वाडगा आणि पुढची काच. वाडग्याला रिफ्लेक्टर म्हणतात. बल्ब उजेड देतो. तो उजेड कुठे पाठवायचा, हे वाडगा आणि काच ठरवतात.

पुष्कळ ट्रकांत एच-४ जातीचा बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात. एक तार अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. वर चढणारा उजेड ती अडवते. म्हणून डिपर दिला की उजेड खाली रस्त्यावर पडतो. समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही.

आता त्याच वाडग्यात एलईडीचा बल्ब बसवला तर? उजेड निघण्याची जागा केसभर जरी सरकली, तरी वाडग्याचा हिशेब चुकतो. उजेड वर, खाली, आजूबाजूला, सगळीकडे उधळतो. डिपर दिला तरी समोरच्याचे डोळे दिपतात. माझ्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले होते.

एलईडी वाईट, असे मात्र समजू नका. नव्या गाड्यांना कारखान्यातूनच एलईडीचा दिवा येतो. तिथे वाडगा आणि काच त्याच्याच मापाची असते. तो दिवा चांगला. जुन्या वाडग्यात नवा बल्ब कोंबणे वाईट. भलत्याच्या पायातली वहाण आपल्याला होत नाही, तसेच हे.

डोळे दिपले की काय होते?

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर, म्हणजे ५५ फूट जाते. समजा, ड्रायव्हरचे डोळे तीनच सेकंद दिपले. तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे जाते. म्हणजे ५० मीटर डोळे मिटून गाडी हाकल्यासारखे झाले! त्या ५० मीटरांत उसाची बैलगाडी असेल, कुणी पायी जाणारा असेल.

आणि समोरून येणारा ड्रायव्हर आंधळा झाला, तर तो कुणावर येऊन आदळेल? आपल्यावरच. म्हणून दुसऱ्याचे डोळे सांभाळणे म्हणजे आपलाही जीव सांभाळणे.

आधी तपासा, मग खर्च करा

मी विद्यार्थ्याला विचारले, "जुने दिवे मंद का झाले, ते पाहिलंस का?" तो गप्प बसला.

दिवा मंद होण्याची कारणे पुष्कळ आहेत. काचेवर धूळ-चिखल बसतो. प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडते. आत पाणी शिरून वाडग्याची चकाकी जाते. तारेचा जोड गंजतो, अर्थिंग सैल होते. यांपैकी काही असेल, तर नुसता बल्ब बदलून उपयोग नाही. आधी काच पुसा. मग वायरमनकडून जोड घासून घ्या. वाडगा काळा पडला असेल, तर पुरा दिवाच बदला.

आकडे वाचा

नाना पेठेत मोटारीच्या सुट्या भागांची पुष्कळ दुकाने आहेत. माझा विद्यार्थी तिथे गेला. या वेळी मी त्याला बजावले होते, "दुकानदाराचं ऐक, पण डब्यावरचे आकडे स्वतः वाच."

पहिला आकडा व्होल्टचा. मोठ्या ट्रकला बहुधा २४ व्होल्टचा बल्ब लागतो. लहान टेम्पोला १२ व्होल्टचा. १२ चा बल्ब २४ वर लावला, तर तो लगेच उडतो. २४ चा १२ वर लावला, तर मिणमिणतो.

दुसरा आकडा वॅटचा. २४ व्होल्टच्या एच-४ बल्बवर ७५/७० असे लिहिलेले असते. अप्परला ७५, डिपरला ७०. काही जण १०० वॅटचा किंवा त्याहून मोठा बल्ब लावतात. त्याने तारा तापतात, होल्डर वितळतो. प्रसंगी आगही लागते.

पुरा दिवा घेत असाल, तर आणखी एक गोष्ट पाहा. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. म्हणून आपला डिपर डावीकडे थोडा उंच आणि उजवीकडे खाली पडतो. डावी कड दिसते आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचतात. अमेरिकेसारख्या काही देशांत गाड्या उजव्या बाजूने चालतात. तिथला दिवा आपल्याकडे लावला, तर उंच उजेड नेमका समोरच्याच्या तोंडावर पडेल. तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

भिंतीवर परीक्षा

दिवा चांगला घेतला, पण वाकडा बसवला, तर काय उपयोग?

सपाट जागेवर ट्रक उभा करा. चाकांत हवा नीट असू द्या. समोर १० मीटरवर, म्हणजे ३३ फुटांवर, भिंत असावी. दिव्याचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढा. आता डिपर लावा. उजेडाची वरची कड उजव्या बाजूला त्या रेघेच्या १० ते २० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. रेघेच्या वर गेली, तर दिवा खाली करून घ्या.

माल भरला की ट्रकचा मागचा भाग दबतो आणि पुढचे दिवे वर बघू लागतात. म्हणून माल भरल्यावरही एकदा पाहा. काही ट्रकांत दिवे खाली-वर करायचा खटका केबिनमध्येच असतो. तो वापरा.

दिवे समोरच्याचे डोळे दिपवणारे नसावेत, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही सांगितले आहे. गाड्या आणि त्यांचे भाग तपासणारी एक मोठी संस्था आपल्या पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. तिला एआरएआय म्हणतात. ती १९६६ साली निघाली. एवढी माणसे एवढ्या काळजीने दिवा तपासतात. आणि आपण 'रात्रीचा दिवस' एवढ्या बोलीवर बल्ब घेतो!

पुढे काय झाले?

माझ्या विद्यार्थ्याने वाडगे बदलले, योग्य बल्ब घेतले आणि भिंतीवर परीक्षा केली. मग तो दूधवाल्याकडे गेला आणि म्हणाला, "दादा, तो ट्रक माझा होता."

दूधवाला बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तू आलास, सांगितलंस. आता बाकीच्या ड्रायव्हरांनाही सांग."

दवाखान्याचा खर्च माझ्या विद्यार्थ्याने भरला. आता रात्री मार्केट यार्डात ट्रक लागले की तो दुसऱ्यांचे दिवे पाहतो आणि डब्यावरचे आकडे कसे वाचायचे ते शिकवतो.

लक्षात ठेवा

१. आधी काच, जोड आणि वाडगा तपासा. मग बल्ब घ्या.
२. व्होल्ट आणि वॅट स्वतः वाचा.
३. जुन्या वाडग्यात एलईडी कोंबू नका.
४. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचे तेल लागले की काच तिथे जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. फडक्याने धरा.
५. दोन्ही बल्ब एकदम बदला.
६. समोरून कुणीही आले, सायकलवाला असो की बैलगाडी, डिपर द्या.

प्रश्न

१. डिपर देऊनही दूधवाल्याचे डोळे का दिपले?
२. तुमच्या गावातल्या एखाद्या गाडीच्या बल्बचा डबा मागून घ्या. त्यावरचे आकडे वाचा आणि वहीत लिहा.
३. विद्यार्थ्याने दूधवाल्याला खरे सांगितले. तुम्ही असता तर काय केले असते?